मेलमनमध्ये बग आहे की मेल दुसरीकडेच अडकलाय? जरा लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता. परदेशातल्या एका मराठी मंडळाची मेलिंग लिस्ट, बरीच वर्षं मेलमन (मेलिंग लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर) २.१ वर चाललेली, आता स्वतःच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) मेलमन ३ वर आणली, सोबत पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा सर्व्हर) आणि मायएस्क्यूएल (डेटाबेस). आणल्यापासून चार तक्रारी: जीमेलवाल्या काही मेंबरांची डिलिव्हरी आपोआप बंद पडते, आर्काइव्हमध्ये (जुन्या मेलांच्या साठ्यात) काही मेल दिसतच नाहीत, मराठी मजकुराच्या जागी कुठे प्रश्नचिन्हं तर कुठे भलतीच अक्षरं, आणि काहींना "मी पाठवलेला मेल मलाच येत नाही". वर विचारलंय की हे सगळे मेलमनचे बग आहेत का आणि कुठे कळवायचे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. या चारातला एकही बहुतेक मेलमनच्या कोडमधला बग नाहीये. मी बरीच वर्षं अशा लिस्टा सांभाळतोय, २.१ पण आणि ३ पण, आणि "मेलमन बिघडलंय" म्हणून जे येतं त्यातलं बरचसं शेवटी पोस्टफिक्स, डीएनएस (डोमेनच्या नोंदी), डेटाबेसचा कॅरेक्टरसेट (अक्षरं साठवायची पद्धत) नाहीतर समोरच्याचा मेल सर्व्हर यांच्याकडे जाऊन थांबतं. खरे बग असतात, नाही असं नाही, त्यावर शेवटी येतो. पण ते ओळखायचे तर आधी एक सवय लागते: लक्षण सोडून द्यायचं आणि एकच मेल पकडून त्याचा माग काढायचा.

"काही लोकांना मेल जात नाहीत" या वाक्यावरून कुणालाच काही करता येत नाही. "अमुक दिवशी अमुक मेसेज-आयडीचा मेल अमुक पत्त्यावर पोचला नाही" यावरून सगळं करता येतं. मेसेज-आयडी म्हणजे मेलच्या हेडरमधली ती लांबलचक ओळ, कोनी कंसातली, आणि ती पाठवणाऱ्याच्या सेंट फोल्डरमधल्या मेलचा मूळ सोर्स उघडला की मिळते. ती एकदा हातात आली की एसटीच्या पार्सलसारखं एकेका डेपोत विचारत जायचं, आलं होतं का, पुढे गेलं का. डेपो कुठले ते सांगतो.

पहिला डेपो पोस्टफिक्सचा मेल लॉग. मेसेज-आयडी ग्रेप केला (लॉगमध्ये शोधला) की क्लीनअपची ओळ मिळते, त्यात पोस्टफिक्सचा स्वतःचा क्यू-आयडी असतो, मग तो क्यू-आयडी ग्रेप करायचा. तिथे तीन गोष्टींपैकी एक दिसेल. मेल आलाच नसेल, म्हणजे ओळच नाही, म्हणजे पाठवणाऱ्याच्या बाजूला किंवा एमएक्स रेकॉर्डमध्ये (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा ती नोंद) बघा. आला पण "युझर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल" म्हणून परत गेला, म्हणजे पोस्टफिक्सला तुमची लिस्ट माहीतच नाही. मेलमन ३ स्वतः पोस्टफिक्ससाठी मॅप फाइल बनवतं, ती ट्रान्सपोर्ट मॅप्समध्ये आणि लोकल रेसिपियंट मॅप्समध्ये दिलेली आहे ना, डोमेन वेगळं असेल तर रिले डोमेन्समध्ये आहे ना, ते बघायचं आणि मेलमनची एलियासेस कमांड चालवून फाइल नव्याने बनवून घ्यायची. तिसरं म्हणजे पोर्ट ८०२४ ला "कनेक्शन रिफ्यूज्ड" आणि मेल डिफर्ड, म्हणजे नंतर परत प्रयत्न करायला थांबवून ठेवलेला. ८०२४ वर मेलमनचा एलएमटीपी रनर (पोस्टफिक्सकडून मेल घेणारी प्रोसेस) ऐकत असतो, तो बंद आहे म्हणजे मेलमन कोअर, म्हणजे मुख्य प्रोग्रामच बंद आहे. सर्व्हर अचानक रीबूट झाला की मास्टर लॉक (मुख्य प्रोसेस चालू असल्याची खूण) मागे राहतो आणि मेलमन म्हणतं "दुसरा मास्टर आधीच चालू दिसतोय". प्रोसेस खरंच नाहीये याची पीएस लावून खात्री करा आणि मगच फोर्स लावून स्टार्ट करा. खात्री न करता फोर्स लावला आणि आधीचे रनर जिवंत असले तर दोन जोड्या एकाच क्यूवर तुटून पडतात, मग एकच मेल लोकांना दोनदा आल्याच्या तक्रारी येऊ शकतात आणि तुम्ही तिसराच बग शोधत बसता.

हे सगळं ठीक असेल तर मेल मेलमनच्या हद्दीत शिरला. व्हार फोल्डरखाली क्यू नावाचं फोल्डर आहे, त्यात इन, पाइपलाइन, आउट, आर्काइव्ह, व्हर्जिन, बाउन्सेस, रीट्राय, शंट, बॅड अशी उपफोल्डरं. मेल आधी इनमध्ये येतो, तिथे नियम तपासले जातात की हा मेंबर आहे का, साइज जास्त आहे का, मॉडरेशनला धरायचा का. पास झाला की पाइपलाइनमध्ये, तिथे सब्जेक्टला प्रीफिक्स, हेडरची सफाई असले सोपस्कार होतात. मग त्याच्या प्रती आर्काइव्हकडे, डायजेस्टकडे आणि आउटकडे जातात, आणि आउटमधून परत पोस्टफिक्सकडे. निरोगी सर्व्हरवर ही फोल्डरं जवळजवळ कायम रिकामी असतात. एखाद्यात फाइली साचल्या असतील तर त्या क्यूचा रनर मेलाय किंवा पुढचा माणूस उत्तर देत नाहीये, एवढं नुसत्या एलएसवरून कळतं. लॉग उघडायच्या आधी मी हेच बघतो.

मेलमनच्या स्वतःच्या एसएमटीपी लॉगमध्ये प्रत्येक मेलसाठी एक ओळ येते की हा मेसेज-आयडी, ही लिस्ट, इतक्या लोकांसाठी, इतक्या सेकंदांत पूर्ण. ही ओळ दिसली म्हणजे मेलमनचं काम झालं, त्याने मेल पोस्टफिक्सच्या हवाली केला, इथून पुढे परत मेल लॉगच बघायचा. बरेच जण इथेच चुकतात, पुढचे दोन तास मेलमनच्या सेटिंगमध्ये घालवतात आणि मेल तिकडे पोस्टफिक्सच्या डिफर्ड क्यूत आरामात पडलेला असतो.

आणि एसएमटीपीची ओळ नाही, क्यू रिकामी, तरी मेल गायब, असं असेल तर तो धरला गेला किंवा टाकून दिला गेला. २.१ मध्ये व्हेट नावाचा वेगळा लॉग होता, ३ मध्ये तीच नोंद मेलमन लॉगमध्ये येते, होल्ड किंवा डिस्कार्ड असं लिहून आणि कारणासकट. यातलं एक कारण लोकांना कधी सुचत नाही. कुणीतरी लिस्टवरून आलेला जुना मेल "रीसेंड" किंवा "रीडायरेक्ट" करून परत लिस्टला पाठवतो, त्या मेलच्या हेडरात लिस्टचं नाव आधीच असतं, मेलमनला वाटतं हा मेल गोल फिरतोय, आणि तो गुपचूप टाकून देतं. पाठवणाऱ्याला बाउन्स (न पोचल्याचा परत येणारा मेल) नाही, काही नाही. हा बग नाही, हे मुद्दाम आहे, कारण दोन लिस्टा एकमेकींच्या मेंबर असल्या की काय होतं हे ज्याने एकदा बघितलंय तो या नियमाला हात लावणार नाही. नवा मेल लिहा किंवा साधा फॉरवर्ड करा म्हणावं.

आता तुमच्या तक्रारी, सोप्यापासून.

"माझाच मेल मला येत नाही" हे म्हणणारे सगळे जीमेलवाले आहेत का बघा. जीमेल एकाच मेसेज-आयडीचा दुसरा मेल इनबॉक्समध्ये दाखवत नाही, तुमच्या सेंटमध्ये तो आधीच आहे म्हटल्यावर लिस्टवरून आलेली प्रत ते गिळून टाकतं. मेलमनने पाठवला, जीमेलने घेतला, लॉगमध्ये दोनशे पन्नास ओके आहे, तरी दिसत नाही. यावर मेलमनच्या बाजूने उपाय नाही. फार वाटलं तर पोस्ट मिळाल्याची पोच देणारा पर्याय त्या मेंबरसाठी चालू करा. याचाच चुलतभाऊ म्हणजे डुप्लिकेट टाळायचा पर्याय, टू किंवा सीसीमध्ये तुमचा पत्ता थेट असेल तर मेलमन तुम्हाला लिस्टची प्रत पाठवत नाही, आणि लोक म्हणतात प्रीफिक्सवाला मेल आलाच नाही.

जीमेलवाल्यांची डिलिव्हरी आपोआप बंद होणं. हे जरा नीट समजून घ्या, कारण यात दोष कुणाचा आणि शिक्षा कुणाला असा प्रकार आहे. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनची डीमार्क पॉलिसी (आपल्या नावाचा खोटा वाटणारा मेल आला तर काय करायचं ते सांगणारा नियम) रिजेक्टवर नेली, त्याच महिन्यात एओएलने पण, आणि जगभरच्या मेलिंग लिस्टा त्या आठवड्यात बोंबलल्या. डीमार्क म्हणतं की फ्रॉममधलं डोमेन आणि एसपीएफ (कुठल्या सर्व्हरला त्या डोमेनचा मेल पाठवायची परवानगी आहे ती नोंद) किंवा डीकेआयएमने (मेलवरची डिजिटल सही) सिद्ध झालेलं डोमेन जुळायला हवं. लिस्टवरून गेलेल्या मेलचा लिफाफ्यावरचा पत्ता तुमच्या लिस्टचा असतो, म्हणजे एसपीएफ पास होतं पण याहूशी जुळत नाही. आणि डीकेआयएमची सही मजकुरावर असते, तुम्ही सब्जेक्टला प्रीफिक्स लावला आणि खाली फूटर चिकटवला की ती मोडली. मग मेंबर नंबर एक याहूवरून पोस्ट टाकतो, लिस्टवरचे सगळे जीमेलवाले ते मेल ५५० ५.७.२६ म्हणून नाकारतात, ते बाउन्स लिस्टकडे येतात, आणि मेलमन त्या बिचाऱ्या जीमेलवाल्यांचा बाउन्स स्कोअर वाढवतं. दिवसाला एकच बाउन्स मोजला जातो, मर्यादा डिफॉल्टने ५ आहे, सात दिवस बाउन्स आला नाही तर जुना हिशोब पुसला जातो. म्हणजे याहूवाले काका रोज सकाळी सुविचार पाठवत असतील तर पाचव्या-सहाव्या दिवशी अर्धी लिस्ट बंद, आणि काका मात्र मजेत, कारण त्यांचं काहीच बिघडलेलं नाही!

२.१ मध्ये यावरचा उपाय २.१.१६ पासून थोडा आणि २.१.१८ पासून नीट आला. तुमच्या जुन्या सर्व्हरवर कुणीतरी तो लावलेला असणार, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. मेलमन ३ मध्ये नव्या लिस्टचं डिफॉल्ट "काही करू नका" असं असतं. २.१ ची सेटिंग इम्पोर्ट करून आणली असेल तर ती आली का ते बघा, आणि लिस्ट हाताने नवी बनवून नुसते मेंबर भरले असतील तर नक्कीच नाही आली. पोस्टोरियसमध्ये (मेलमन ३ चं वेबवरून सेटिंग करायचं ॲप) लिस्टच्या सेटिंगमध्ये डीमार्क मिटिगेशन्स आहे, तिथे मंज फ्रॉम निवडा. मग ज्या डोमेनची पॉलिसी कडक आहे त्यांच्या मेलवर फ्रॉममध्ये "अमुक व्हाया मंडळ" असं होऊन लिस्टचा पत्ता येईल. काही जुने मेंबर कुरकुर करतील की माझं नाव का बदललं, करू द्या. रॅप मेसेज नावाचा दुसरा पर्याय तांत्रिकदृष्ट्या जास्त शुद्ध आहे, मूळ मेल आत गुंडाळून पाठवतो, पण फोनवरच्या कित्येक मेल ॲपमध्ये तो अटॅचमेंटसारखा दिसतो, सामान्य लोकांच्या लिस्टवर मी तो कधीच लावत नाही. एआरसी नावाचं प्रकरण (मधल्या सर्व्हरने आपली तपासणी सहीनिशी पुढे कळवायची पद्धत) पण आहे, २०१९ पासून आरएफसी ८६१७, मेलमन ३ ला ते येतं, पण समोरच्याने तुमच्या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा की नाही हे समोरचाच ठरवतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर मंज बंद करू नका.

हे केल्यावर बंद पडलेल्यांची डिलिव्हरी परत चालू करायला विसरू नका, ती आपोआप होत नाही. आणि शंका असेल की बाउन्स डीमार्कचाच आहे का, तर बाउन्स लॉगवर थांबू नका, मेल लॉगमध्ये समोरच्या सर्व्हरने दिलेलं वाक्य वाचा. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू दोघांनीही पाठवणाऱ्यांवरचे नियम कडक केलेत, रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नसणं किंवा एसपीएफ-डीकेआयएम दोन्ही नसणं एवढ्यावरूनही मेल अडतो, आणि स्वस्तातल्या व्हीपीएसवर रिव्हर्स डीएनएस लावायचं हमखास राहून गेलेलं असतं.

आता आर्काइव्ह. ही तुमची सगळ्यात मजेशीर तक्रार आहे कारण तुम्ही जाता जाता लिहिलंय की "दिवाळीच्या शुभेच्छांचे मेल तर जवळपास सगळेच गायब". त्या एका वाक्यावर मी पैज लावायला तयार आहे. त्या मेलांमध्ये हात जोडलेला इमोजी आहे, पणती आहे, फटाके आहेत, बरोबर?

मायएस्क्यूएलमध्ये ज्याला यूटीएफ-८ म्हणतात ते खरं यूटीएफ-८ नाही, ते एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतं. पूर्ण चार बाइटवालं यूटीएफ-८-एमबी-४ नावाने वेगळं आहे, ते ५.५ च्या काळात आलं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, म्हणून मराठी मजकूर त्या अपुऱ्या टेबलात बिनतक्रार बसतो आणि सगळ्यांना वाटतं युनिकोड नीट चाललंय. बहुतेक इमोजी चार बाइटचे. इमोजी आला की डेटाबेस १३६६ नंबरची एरर देतो, इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू, आणि जे बाइट दाखवतो त्यांची सुरुवात एफ-झीरो नाइन-एफ अशी असते. मेंबरांना मेल जातो कारण आउट क्यूला या डेटाबेसशी देणंघेणं नाही. आर्काइव्ह म्हणजे हायपरकिटी, ते जॅंगो या पायथन फ्रेमवर्कवरचं वेगळं ॲप आहे, तिथे मजकूर टेबलात टाकताना हे फुटतं, कोअरला ५०० मिळतो, आणि मेलमन लॉगमध्ये "एक्सेप्शन इन द हायपरकिटी आर्कायव्हर" अशी ओळ पडते.

चांगली बातमी ही की हे मेल हरवलेले नसतात. कोअर आणि हायपरकिटीच्या मधलं जे प्लगइन आहे ते न गेलेले मेल स्वतःच्या स्पूलमध्ये ठेवतं, व्हारखाली आर्काइव्हज, त्यात हायपरकिटी, त्यात स्पूल. पुढचा मेल आला की ते आधी हे साठलेले परत पाठवून बघतं. तुमच्याकडे तिथे दिवाळीपासूनचा ढीग असणार. डेटाबेसचा डंप घ्या (खरंच घ्या), टेबलं यूटीएफ-८-एमबी-४ ला कन्व्हर्ट करा, जॅंगोच्या सेटिंगमध्ये डेटाबेसच्या ऑप्शन्समध्ये पण तोच कॅरेक्टरसेट द्या, कोअरचा डेटाबेस मायएस्क्यूएलवर असेल तर त्याच्या कनेक्शन यूआरएलमध्ये पण, सगळं रीस्टार्ट करा आणि एक टेस्ट मेल टाका. स्पूल रिकामं होताना दिसेल. नुसती टेबलं बदलून कनेक्शनचा कॅरेक्टरसेट तसाच ठेवला तर काही होत नाही, आणि लोक म्हणतात उपाय चालत नाही. एक वाईट शक्यता पण सांगून ठेवतो: मायएस्क्यूएलचा स्ट्रिक्ट मोड कुणी बंद केलेला असेल तर एरर येत नाही, मजकूर इमोजीच्या आधी कापून ठेवला जातो आणि पुढचं गायब. तसे अर्धवट मेल आर्काइव्हमध्ये असतील तर ते स्पूलमध्ये सापडणार नाहीत, कुणाच्यातरी इनबॉक्समधूनच परत मिळवावे लागतील. नवीन सुरुवात करणाऱ्याला मी सरळ पोस्टग्रेस (दुसरा डेटाबेस) घ्या म्हणतो, हा विषयच निघत नाही.

स्पूलमध्ये मेल साचलेत पण लॉगमध्ये ५०० ऐवजी ४०१ किंवा ४०३ आहे, तर ती वेगळी भानगड. प्लगइनच्या कॉन्फिगमधली एपीआय की आणि जॅंगोमधली आर्कायव्हर की जुळत नाहीत, किंवा जॅंगोने ज्या आयपीवरून मेल घ्यायला परवानगी दिलीय त्यात तुमचा आयपी नाही. लोकलहोस्ट लिहिलंय आणि कनेक्शन आयपीव्ही-६ ने येतंय, हे फार होतं. आणि मेल आर्काइव्हमध्ये आहेत पण सर्चमध्ये सापडत नाहीत किंवा यादीतले आकडे जुनेच दिसतात, तर क्यू-क्लस्टर नावाची पाठीमागची कामं करणारी प्रोसेस चालू आहे का आणि सर्च इंडेक्सचे क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं) लावलेत का ते बघा. डेमो सर्व्हरवर हाताने चालू केलेली असते आणि सिस्टमडीमध्ये (सर्व्हर सुरू होताना प्रोग्राम चालू करणारी यंत्रणा) तिची सर्व्हिस लिहायची राहून जाते.

आता प्रश्नचिन्हं. "मराठी नीट दिसत नाही" यात निदान तीन वेगळे आजार आहेत आणि नुसतं बघून ओळखता येतात, त्यामुळे स्क्रीनशॉट मागवा.

साधी प्रश्नचिन्हं, एकेका अक्षराला एकेक: कुणीतरी मजकूर युनिकोडमधून लहान कॅरेक्टरसेटमध्ये बदलला आणि न बसलेल्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं. त्या प्रतीतला मजकूर गेला, परत येत नाही. काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह: उलट दिशेचा प्रकार, बाइट वाचताना न समजलेल्या जागी युनिकोडचं बदली चिन्ह बसवलंय. आणि तिसरं म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए, मग चार टोकं फुटलेलं गोल चिन्ह, मग अजून काहीतरी, असे तिघातिघांचे गठ्ठे. यात बाइट शाबूत आहेत, फक्त यूटीएफ-८ ला लॅटिन-१ समजून वाचलंय, हे पूर्ण दुरुस्त होतं.

तुमच्या जुन्या आर्काइव्हमध्ये पहिला प्रकार आहे. २.१ मध्ये इंग्रजी लिस्टचा कॅरेक्टरसेट यूएस-आस्की असतो, आणि मराठी किंवा हिंदी त्याच्या भाषांच्या यादीत कधीच नव्हत्या, त्यामुळे आपल्या लिस्टा इंग्रजीच म्हणून चालवल्या गेल्या. पाइपरमेल (२.१ चा आर्काइव्ह बनवणारा भाग) आर्काइव्हचं एचटीएमएल बनवताना कितीतरी मजकुराचं प्रश्नचिन्ह करून टाकतं. पण ते एचटीएमएल बघून रडू नका. २.१ मूळ मेल एमबॉक्स फाइलमध्ये जसाच्या तसा ठेवतं, आर्काइव्हज, प्रायव्हेट, मग लिस्टच्या नावाचं एमबॉक्स फोल्डर. हायपरकिटीत इम्पोर्ट त्या फाइलवरून करायचा. आधी २.१ बरोबर येणारं क्लीनआर्क चालवा, कारण कुणाच्या मेलात ओळीच्या सुरुवातीला "फ्रॉम" हा शब्द आणि पुढे स्पेस असेल आणि तो एस्केप केलेला नसेल तर इम्पोर्टर तिथे नवा मेल सुरू झाला असं समजतो आणि एकाचे दोन तुकडे होतात. आणि सेटिंगच्या इम्पोर्टला कॅरेक्टरसेट सांगायचा पर्याय आहे, जुन्या लिस्टचं वर्णन किंवा फूटर यूटीएफ-८ नसेल तर तो वापरा.

नव्या मेलात गडबड दिसत असेल तर दोन जागा. मेलमनच्या कॉन्फिगमध्ये इंग्रजी भाषेचा कॅरेक्टरसेट यूटीएफ-८ करा, विशेषतः फूटर मराठीत असेल तर. दुसरी जागा म्हणजे एचटीएमएलचा साधा मजकूर करायचा पर्याय. तो चालू असेल तर मेलमन लिंक्स नावाच्या जुन्या ब्राउझरला मजकूर काढून द्यायला सांगतं, आणि लिंक्सला कॅरेक्टरसेट न सांगता चालवलं की देवनागरीचा कचरा होऊ शकतो. एकतर कमांडमध्ये यूटीएफ-८ सांगा नाहीतर तो पर्यायच बंद करा.

एक गोष्ट मात्र गडबड समजू नका. लिस्टवरून आलेल्या मेलचा मूळ सोर्स उघडला की मराठीऐवजी बेस-६४ चे ढिगारे दिसतील, मराठी शब्द ग्रेप केला तर सापडणार नाही. पायथनची ईमेल लायब्ररी यूटीएफ-८ मजकूर बेस-६४ मध्येच लिहिते, आणि फूटर चिकटवताना मजकूर नव्याने लिहावा लागतो. हे ठीकच आहे.

आता खरे बग. त्यांची जागा म्हणजे शंट क्यू. रनरला एखादा मेल हाताळताना एक्सेप्शन आलं की तो मेल शंटमध्ये ठेवतो, ट्रेसबॅक (एरर कोडमध्ये कुठून कशी आली त्याची यादी) लॉगमध्ये लिहितो आणि पुढच्या मेलकडे वळतो. ट्रेसबॅक खालून वर वाचा. शेवटची ओळ काय झालं ते सांगते, आणि तिच्या वरच्या फाइलींची नावं कुणाच्या घरात झालं ते सांगतात. साइट-पॅकेजेसमध्ये मेलमन, हायपरकिटी, पोस्टोरियस, जॅंगो, एसक्यूएल-अल्केमी की पायथनची स्वतःची ईमेल लायब्ररी? ही शेवटची बरेचदा निघते. कुणातरी स्पॅमरने किंवा जुन्या मशीनने कॅरेक्टरसेटच्या जागी अस्तित्वात नसलेलं नाव लिहिलेलं असतं आणि लुकअप एरर येते. मेलमन ३ च्या कोडमध्ये मेसेज क्लासमध्ये चक्क कॉमेंट आहे की पायथनच्या २७३२१ आणि ३२३३० नंबरच्या बगांसाठी इथे पळवाट काढलीय, म्हणजे मंडळी हे वर्षानुवर्षं झेलतायत. जुन्या २.१ वर याचंच भावंड म्हणजे आस्की कोडेक झीरो-एक्स-ई-झीरो बाइट वाचू शकत नाही ही एरर. तो ई-झीरो दिसला की समजा, यूटीएफ-८ देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट तोच असतो.

दुसरी जात म्हणजे आवृत्त्यांचं न जुळणं. पायथन ३.१३ मधून एनएनटीपी-लिब (न्यूजग्रुपसाठीचं मॉड्यूल) काढून टाकलं, आणि मेलमनचा न्यूजग्रुपचा रनर तेच मॉड्यूल मागत होता, मग जुनं कोअर आणि नवं पायथन असं केलं की मॉड्यूल नॉट फाउंड. तुम्ही न्यूजग्रुप जन्मात वापरला नसेल तरी. म्हणून डिस्ट्रोचं (तुमच्या लिनक्सबरोबर येणारं) पॅकेज आणि पिपची (पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर) मिसळ करू नका, एकच वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ठेवा आणि पिप फ्रीझची यादी जपून ठेवा, काल चालत होतं आज चालत नाही याचं उत्तर दोन याद्यांच्या फरकात मिळतं.

शंटमध्ये फाइली दिसल्या की लगेच अनशंट (मेल परत रांगेत ढकलायची कमांड) मारू नका. एक, कारण दूर केलं नसेल तर ते परत तिथेच येतात. दोन, त्यात दोन वर्षांपूर्वीचा मेल असेल तर तो आज सगळ्यांना जाईल, "उद्याच्या मीटिंगला या" म्हणून! आधी क्यूफाइल कमांडने एकेक उघडून बघा, स्पॅम निघाला (बहुतेक वेळा तोच निघतो) तर फाइल काढून टाका. कामाचा निघाला तर त्याची प्रत शंटच्या बाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, मगच पुढचं. त्यातून मूळ मेल काढा, एक मेंबर असलेली टेस्ट लिस्ट बनवा आणि मेलमनच्या इंजेक्ट कमांडने तो तिथे टाका. तिथेही फुटला की तुमच्याकडे हवा तेव्हा दाखवता येणारा बग आहे. मग मेलातलं एकेक अंग काढत जा, अटॅचमेंट, एचटीएमएल भाग, एकेक हेडर, जोवर फुटतोय तोवर.

कळवायचं गिटलॅबवर, मेलमनच्या ग्रुपमध्ये, पण कोअर, पोस्टोरियस, हायपरकिटी, ते मधलं प्लगइन आणि जॅंगो-मेलमन-३ हे वेगवेगळे प्रोजेक्ट आहेत, ट्रेसबॅकमध्ये ज्याचं घर निघालं तिथे जा. आधी बंद झालेले इश्यू पण शोधा, डेबियनची आवृत्ती मागे असते आणि तुमचा बग वर कधीच दुरुस्त झालेला असतो. २.१ चा बग कळवण्यात आता अर्थ नाही, ते पायथन २ वर आहे आणि पायथन २ जानेवारी २०२० लाच संपलं.

इश्यूमध्ये मेलमन इन्फोचं आउटपुट, पायथनची आवृत्ती, पूर्ण ट्रेसबॅक आणि तो छाटलेला मेल द्या. मेल फाइल म्हणून जोडा, मजकूर कॉपी-पेस्ट करू नका, कारण पेस्ट करताना ब्राउझर नेमके ते बिघडलेले बाइट सुधारून टाकतो आणि समोरच्याकडे बग दिसतच नाही. लोकांची नावं-पत्ते बदला पण तेवढ्याच लांबीचे ठेवा, लांब हेडर दुमडण्यावर अवलंबून असलेले बग नाव आखूड केलं की गायब होतात. बदलल्यावर एकदा परत इंजेक्ट करून बघा की अजून फुटतंय ना. आणि पासवर्ड, लॉगिन, परवानग्या असलं काही निघालं तर उघड इश्यू न टाकता कॉन्फिडेन्शियलची खूण लावा.

तुम्ही आधी स्पूलचं फोल्डर बघा आणि तिथे किती फाइली आहेत, सगळ्यात जुनी कुठल्या तारखेची आहे, तेवढं मला सांगा. दिवाळीच्या आसपासची असेल तर कन्व्हर्ट करायच्या आधी मायएस्क्यूएलची आवृत्ती पण सांगा, जुन्या आवृत्तीत इंडेक्सच्या लांबीवरून ते अडतं, त्याचं वेगळं करावं लागेल.